जग बदलले, राज्यशास्त्र बदलले का? बुलढाणा जिल्ह्यातून एक आढावा

बुलढाणा जिल्ह्यात बी.ए.च्या प्रवेशाचे दिवस आले की एक सल्ला हमखास कानावर पडतो. "राज्यशास्त्र घेऊन टाक, सोपा विषय आहे, गाइड वाचलं तरी निघतो." आपल्या वस्तीतील शेकडो मुले-मुली असाच हा विषय घेतात. तीन वर्षांत राज्याची व्याख्या, सार्वभौमत्वाची लक्षणे आणि राज्यपालांचे अधिकार पाठ होतात. पदवी हातात पडते. पण घरी वडील विचारतात, "कापसाचा भाव एकदम का पडला रे? हे कोण ठरवतं?" तेव्हा राज्यशास्त्राच्या पदवीधराकडे उत्तर नसते.

यात त्या मुलाचा दोष किती आणि विषयाचा किती, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सत्ता कोणाकडे आहे, ती कशी चालते आणि तिच्यात आपला वाटा किती, हे समजून घेण्याचे शास्त्र म्हणजे राज्यशास्त्र. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या सत्तेबाहेर ठेवले गेले, त्याच्या मुलांनी तरी हा विषय "सोपा" म्हणून घेऊ नये. म्हणून बदलत्या जगाबरोबर राज्यशास्त्र चालते आहे का, याचा हा आढावा.

आमचे उत्तर थोडक्यात असे. राज्यशास्त्र एका जागी थांबलेले नाही, पण त्याचे तीन वेग आहेत. संशोधन बऱ्यापैकी पुढे सरकते, अभ्यासक्रम त्याच्या मागून येतो आणि वर्गातील नोट्स सर्वांत मागे असतात. आपल्या मुलांची गाठ बहुतेक वेळा या तिसऱ्याच वेगाशी पडते.

विषय कसा घडला

राज्याविषयीचा विचार जुना असला तरी स्वतंत्र विद्याशाखा म्हणून राज्यशास्त्राचे वय फार नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात १८८० मध्ये राज्यशास्त्राची स्वतंत्र शाखा सुरू झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पोलिटिकल सायन्स १८९५ मध्ये स्थापन झाले. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन १९०३ ची.

यातील पहिल्या दोन्ही संस्थांशी आपले नाते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले आणि पुढे लंडन स्कूलमध्येही शिकले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध कोलंबियाच्या फॅकल्टी ऑफ पोलिटिकल सायन्सला सादर झालेला आहे. त्या काळी या शाखेत राज्य, अर्थकारण, इतिहास आणि समाज यांचा अभ्यास एकाच छताखाली होत असे. बाबासाहेबांच्या लेखनात रुपयाचा प्रश्न, जातीचा प्रश्न आणि संविधानाचा प्रश्न वेगवेगळ्या कप्प्यांत पडत नाहीत, त्यामागे ही घडणही आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती आणि उद्योगांची रचनाही संविधानात लिहिली जावी अशी मांडणी केली होती.

पुढे हे कप्पे पडत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वर्तनवादाचा जोर वाढला. मतदार कसा वागतो, आकडे काय सांगतात, यावर भर आला. त्यातून अचूकपणा वाढला, पण रस्त्यावर पेटलेले प्रश्न मागे पडले. १९६० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा आणि व्हिएतनाम युद्धाविरोधातील आंदोलने चालू असताना राज्यशास्त्राकडे त्यावर सांगण्यासारखे फारसे नव्हते. वर्तनवादाच्या अग्रणींपैकी एक असलेले डेव्हिड ईस्टन यांनीच १९६९ मध्ये असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून या विषयात नवी क्रांती हवी असे सांगितले. पद्धत कितीही नेटकी असली तरी समाजाच्या निकडीच्या प्रश्नांशी तिचा संबंध हवा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

भारतात इंडियन पोलिटिकल सायन्स असोसिएशन १९३८ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीचा अभ्यास बराचसा संविधान आणि संस्थांच्या वर्णनात अडकलेला होता. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत विकासशील समाज अध्ययन केंद्र सुरू केले आणि १९७० मध्ये 'पॉलिटिक्स इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी त्यांनी संपादित केलेले भारतीय राजकारणातील जातीवरील पुस्तकही आले. लोकशाही आली म्हणजे जात आपोआप विरघळेल ही समजूत खोटी आहे, निवडणुकीच्या राजकारणात जातीचेच राजकीयीकरण होते, हे त्यांनी दाखवले. वस्तीतल्या माणसाला हे आधीच माहीत होते. विद्यापीठापर्यंत ते पोहोचायला प्रजासत्ताकाची वीस वर्षे गेली.

शास्त्र कुठे कमी पडले

राज्यशास्त्र मागे राहिल्याचे सर्वांत मोठे उदाहरण १९८९ ते १९९१ चे. बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ विसर्जित झाला. सोव्हिएत राजवटीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ जगभर होते, पण ही इमारत इतक्या लवकर कोसळेल असे त्यांच्यातील बहुतेकांनी सांगितले नव्हते. त्यानंतर दशकभराने, २००० मध्ये, अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञांमध्येच 'पेरेस्त्रोइका' नावाने एक बंड झाले. गणिती प्रारूपांच्या वर्चस्वामुळे विषय जगापासून तुटतो आहे, ही त्यांची तक्रार होती.

आपल्या शेजारीही असेच घडले. श्रीलंकेत २०२२ मध्ये जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्षांना देश सोडायला लावले. बांगलादेशात २०२४ मध्ये आरक्षणाच्या प्रश्नावरून सुरू झालेल्या विद्यार्थी आंदोलनाने सरकार पाडले. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीनंतर तरुण रस्त्यावर आले आणि काही दिवसांत पंतप्रधान पायउतार झाले. पक्ष, निवडणूक आणि संसद एवढ्याच चौकटीत राजकारण शिकलेल्या विद्यार्थ्याला मोबाइलवर उभ्या राहणाऱ्या, नेता नसलेल्या आंदोलनाचा अर्थ कसा लावायचा हे कोणी शिकवलेले नसते.

इथे विषयाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाकीत खरे ठरले नाही म्हणून शास्त्र वाया गेले असे होत नाही. डॉक्टरलाही रोगी कोणत्या दिवशी आजारी पडेल हे सांगता येत नाही, पण आजार का झाला आणि पुढे काय काळजी घ्यावी हे सांगता येते. राज्यशास्त्राकडून आपली अपेक्षा तेवढीच आहे. घटना घडल्यावर तिची कारणे नीट सांगावीत आणि ती सांगताना तळातल्या माणसाला वगळू नये.

बुलढाणा आणि जग: हे नाते नवे नाही

"जागतिक बदल" म्हटले की न्यूयॉर्क किंवा बीजिंग डोळ्यांसमोर येते. पण आपला जिल्हा दीडशे वर्षांहून अधिक काळ जागतिक राजकारणाला बांधलेला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला मागणी आली. मुख्य रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे गेला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा टाकला गेला. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचा लढा आणि खामगावचा बाजार एका धाग्याने जोडले गेले होते. इथल्या शेतावर राबणाऱ्या महार-मांग मजुराला त्याची खबरही नव्हती.

आता २०२५ पाहा. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा हंगाम. सोयाबीनचेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. पण बाजारात प्रत्यक्ष काय मिळणार, यावर या शुल्काचाही परिणाम होतो. आयात तेल स्वस्त झाले की शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळतो आणि चिखली-मेहकरच्या शेतकऱ्याचा भाव दबतो. त्याच्या शेतात रोजंदारीने जाणाऱ्या भूमिहीन बाईची मजुरी त्याहून आधी दबते.

हे अर्थशास्त्र आहे, तसेच राज्यशास्त्रही आहे. वॉशिंग्टनमधील निर्णय, दिल्लीतील अधिसूचना, कापड गिरण्यांचे म्हणणे आणि शेतकरी संघटनांचे आंदोलन यांत कोणाचा आवाज वजनदार ठरतो? शेतमजुराचा आवाज या साखळीत कुठे आहे? वर्गात "आंतरराष्ट्रीय संबंध" शिकवताना खामगावच्या बाजार समितीचे उदाहरण घेतले, तर हा विषय सोपा आहे असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या मतदारसंघाचा धडा

दुसरे उदाहरण प्रतिनिधित्वाचे. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ अनेक वर्षे अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून तो खुला झाला. त्याच वेळी शेजारचा अमरावती लोकसभा मतदारसंघ राखीव झाला आणि आपल्या जिल्ह्यात मेहकर विधानसभा मतदारसंघ राखीव झाला. जिल्ह्यातल्या किती तरुणांना हे बदल कसे आणि कोणत्या निकषांवर होतात, हे माहीत आहे?

लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. जनगणना २०२७ ची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि तीत जातीची नोंदही होणार आहे. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना वेगवेगळे असतात. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण गणनेत त्यासाठी यादीतील जातीचे नाव लागते. धर्म म्हणून बौद्ध नोंदवणे आणि अनुसूचित जातीच्या संख्येत मोजले जाणे या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, यावर आपल्यात मतभेद आहेत. ते असू द्यावेत. पण मतभेद माहितीवर उभे असावेत, अफवेवर नव्हे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत, म्हणजे देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. बुलढाण्यात बौद्धांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. एवढ्या मोठ्या समाजाचे प्रतिनिधित्व कोणत्या नियमांनी वाढते वा घटते, हा आपल्यासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न नाही. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑगस्ट २०२४ चा निकालही याच मालिकेतला. त्यावर घोषणा पुष्कळ झाल्या, निकालपत्र वाचून चर्चा मात्र थोडी झाली.

चळवळ पुढे, शास्त्र मागे

जागतिक बदलाशी जुळवून घेण्यात आपली चळवळ विद्यापीठांच्या पुढे राहिली आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या त्यांच्या लोकांच्या अर्जाची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. २००१ मध्ये दर्बन येथे वंशवादाविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे ठेवला, तेव्हा भारत सरकारचा त्याला विरोध होता. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली. अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतील पहिले शहर.

जात हा "भारताचा अंतर्गत विषय" राहिला नाही, हे कार्यकर्त्यांनी आधी ओळखले. शास्त्र नंतर आले. उशीर का झाला, याचे एक उत्तर राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ मधील एका गाजलेल्या लेखात दिले. भारतीय सामाजिक शास्त्रांमध्येही एक उतरंड आहे. सिद्धान्त मांडणारे वरच्या पायरीवर आणि अनुभव, आकडे, मुलाखती पुरवणारे खालच्या. दलितांनी आपले दुःख सांगायचे आणि त्याचा सिद्धान्त दुसऱ्याने करायचा, ही वाटणी त्यांनी प्रश्नांकित केली. आमच्या मते बुलढाण्यातील तरुणांनी हा मुद्दा मनावर घ्यायला हवा. आपण केवळ सर्वेक्षणाचा फॉर्म भरून देणारे राहायचे का?

पुस्तक बदलले, वर्ग बदलला का?

अभ्यासक्रम बदलतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बारावीचे नवे राज्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आले. त्याची सुरुवातच १९९१ नंतरच्या जगापासून होते आणि पुढे जागतिकीकरण, मानवतावादी प्रश्न, सुशासन असे विषय येतात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विषयांची रचना बदलली. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पाठ केलेल्या पर्यायांपेक्षा स्वतःची मांडणी लागणार आहे.

अडचण पुस्तक आणि विद्यार्थी यांच्या मधल्या जागेत आहे. ग्रामीण महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकांची पदे रिकामी राहतात, तासिका तत्त्वावरील शिक्षक तुटपुंज्या मानधनावर काम ओढतात. ग्रंथालयात नवी नियतकालिके नसतात. विद्यार्थी गाइडवर आणि आता मोबाइलवरील तयार नोट्सवर अवलंबून राहतो. गाइडमध्ये जग दहा-वीस वर्षे जुने असते.

त्यात भाषेचा प्रश्न. नवे संशोधन इंग्रजीत येते. मराठीत य. दि. फडके, भा. ल. भोळे, सुहास पळशीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गंभीर राज्यशास्त्रीय लेखन केले, 'समाज प्रबोधन पत्रिका' सारख्या नियतकालिकाने ते चालू ठेवले. पण कृत्रिम बुद्धिमत्ता आणि निवडणूक, माहितीची मालकी, हवामान बदल आणि स्थलांतर, लोकशाहीची पीछेहाट या नव्या विषयांवर मेहकर किंवा संग्रामपूरच्या विद्यार्थ्याला समजेल असे मराठी साहित्य फार थोडे आहे. ही उणीव भरून काढणे हे आपल्यातील शिकलेल्यांचेच काम आहे.

आपण काय करू शकतो

राजकारण शिकावे लागते, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १ जुलै १९५६ रोजी, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ती फार काळ चालली नाही. सत्तर वर्षे होत आली. ते काम पुन्हा उचलायला मोठी इमारत किंवा देणगी लागत नाही, विहार आणि आठवड्याची एक संध्याकाळ पुरे. आमच्या काही सूचना अशा:

१. विहारात अभ्यास गट सुरू करावा. महिन्याला एकच विषय घ्यावा. उदाहरणार्थ, उपवर्गीकरणाचा निकाल, मतदारसंघ पुनर्रचना किंवा कापसाचे आयात शुल्क. मूळ कागद समोर ठेवूनच चर्चा करावी.

२. आपल्या गावाचा राजकीय नकाशा तयार करावा. मागच्या तीन निवडणुकांत बूथनिहाय मतदान कसे झाले, ग्रामपंचायतीत राखीव जागांवर कोण आले आणि निर्णय प्रत्यक्षात कोण घेतो, याची नोंद ठेवावी.

३. ग्रामसभेला हजर राहावे. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. अनुसूचित जातींसाठीचा निधी कुठे खर्च झाला, हे तिथे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा.

४. इंग्रजी वाचू शकणाऱ्यांनी महिन्याला एका तरी नव्या लेखाचा मराठी सारांश लिहून गटात द्यावा.

५. मुलींना या गटांत पुढे आणावे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण सरपंच बाई आणि कारभारी नवरा हे चित्र अजून सरलेले नाही.

६. राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांना प्रश्न विचारावेत. चांगल्या शिक्षकाला ते आवडतात, हा आमचा अनुभव आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी प्राचीन भिक्खू संघाच्या सभांचा दाखला दिला होता. ठराव कसा मांडायचा, मत कसे घ्यायचे याचे नियम तिथे पाळले जात, याची त्यांनी आठवण करून दिली. त्याच भाषणात, सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल असेही बजावले. हा इशारा जगभरच्या राज्यशास्त्राला आज पुन्हा अभ्यासावा लागतो आहे.

राज्यशास्त्र जगाबरोबर चालते का, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठ देईल तेव्हा देईल. आपल्या गावापुरते उत्तर आपल्या हातात आहे. पुढच्या हंगामात कापसाचा भाव का पडला असे वडिलांनी विचारले, तर त्यांच्या शेजारी बसून वॉशिंग्टनपासून खामगावपर्यंतची साखळी समजावून सांगता आली पाहिजे. आणि ती साखळी कुठे अडवता येईल, हेही.

जय भीम! नमो बुद्धाय!